निळा सदरा

जत्रेच्या दिवशी आधी निळे सदरे, मग पांढरे, असा फिलोमेनचा इस्त्रीचा क्रम ठरलेला. निळे नवऱ्यांचे. त्यांच्या कॉलरवर खाणीची धूळ बसली काय नि न बसली काय, कोण मेलं बघायला येतंय! पण पांढरे सडेफटिंग पोरांचे. त्यांच्यावर अख्ख्या मार्केल गावच्या पोरींचा डोळा आणि पोरींच्या आयांचे तर दोन्ही डोळे. वारा जरा कोळशाच्या ढिगाकडून फिरला की दोरीवरचं पांढरं कापड बघता बघता राखाडी होई. म्हणून पांढरे शेवटी, आणि इस्त्री झाली की लगेच टोपलीत चादरीखाली.

नवरे विरुद्ध सडेफटिंग हा जत्रेतला फुटबॉलचा सामना तिचा नवरा आन्सेल्म पोरगा होता तेव्हापासून चालत आलेला. सदरे धुवायचा मान देल्कांब्रांच्या, म्हणजे तिच्याच, घराकडे. या वर्षी टोपलीत सगळ्यात वर एक कोरा पांढरा सदरा होता, तिने स्वतः शिवलेला, कॉलरला खळ घालून उभा केलेला. तो आल्सिदसाठी.

आल्सिद काल संध्याकाळच्या गाडीने आला होता. गेली दोन वर्षं जत्रेच्या सुमाराला त्याच्या दक्षिणेतल्या फुटबॉल क्लबाने त्याला अल्जीरियाच्या दौऱ्यावर नेलं होतं. त्याआधीचं वर्ष करारमदारात गेलं. म्हणजे मार्केलच्या मैदानात तिचा पोरगा पाय ठेवणार तो तब्बल तीन जत्रांनंतर. मधल्या काळात तो नाताळला यायचा, दोन दिवस जेवायचा, झोपायचा नि जायचा. त्याला काय आलेलं म्हणायचं!

आज मात्र तिने सगळं जमवून आणलं होतं. जेवायला थोरली झेली आणि जावई ओमेर येणार होते. ओमेरने खाणीच्या क्लबाच्या अध्यक्षाला सामन्याला बोलावलं होतं. बेकरीवाल्या केनुआंची मार्सेलीन साखरेचा टार्ट घेऊन मैदानात यायची होती. पोरगं पांढऱ्या सदऱ्यात खेळेल, अध्यक्ष बघेल, मार्सेलीनही बघेल, आणि देवाने मनावर घेतलं तर पुढच्या जत्रेला हाच पोरगा निळ्यात असेल, इथेच, दोन गल्ल्या पलीकडे राहत असेल. याहून जास्त तिने देवाकडे मागितलं नव्हतं. याहून कमी घ्यायचीही तिची तयारी नव्हती.

सकाळी त्याचे मोजे धुताना मात्र ती जरा थबकली होती. टाचेला रफू होतं, पण सुईचं नव्हे. बारीक बारीक गाठी मारून विणलेलं, घट्ट, कोळ्याच्या जाळ्यासारखं.

"हे कुणी केलंय रे?"

"कुणी म्हणजे?" आल्सिद दाढी करत होता. "घरमालकिणीने."

"चांगली बाई दिसते. पण टाचेला टोचत नाही का?"

"सवय झाली, आई."

घरमालकिणीने एक बरणीही पाठवली होती. काळी, सुरकुतलेली फळं, तेलात बुडवलेली. फिलोमेनने एक हुंगून बघितलं आणि हसली. दक्षिणेकडचे लोक आलुबुखारसुद्धा तेलात बुडवतात! असो. जत्रेचा ससा आलुबुखाराशिवाय होत नाही आणि या वर्षी वाण्याकडचे कडक निघाले होते. तिने बरणीच्या बरणी सशाच्या भांड्यात उपडी केली, वरून दोन मुठी साखर घातली आणि झाकण ठेवलं.

जेवायला बसल्यावर पहिला घास ओमेरने घेतला. चौकातलं कॅफे चालवणारा माणूस, लोकांच्या तोंडावर वाईट बोलायची सवय नाही. तो बराच वेळ चावत राहिला.

"वा!" तो शेवटी म्हणाला. "काहीतरी वेगळंच."

"आई," झेली म्हणाली, "मीठ पडलंय का गं दोनदा?"

आन्सेल्मने तोंडातलं बी काढून ताटाच्या कडेला ठेवलं. खाणीत छाती गेल्यापासून तो एका दमात चार शब्दांपेक्षा जास्त बोलत नसे, पण ते चार शब्द मोजून मापून मारायचा. "हे आलुबुखार," तो म्हणाला, "कितव्या थरातनं काढले?"

आल्सिदने भांड्यात डोकावलं आणि तो हसायला लागला. असा हसला की डोळ्यांतून पाणी आलं. "आई, अगं ही ऑलिव्ह आहेत! पावाबरोबर खायची असतात, खारवलेली!"

"मग मेलं बरणीवर लिहायला काय झालं होतं तुझ्या घरमालकिणीला?" फिलोमेनचा चेहरा लालबुंद झाला. "जत्रेचा ससा! वर्षाचा ससा! आणि मी त्यात साखर ओतली!"

"छान झालंय."

"गप बस. खोटं बोलू नकोस."

पण तो खरंच खात होता. दोनदा मागून घेतलं त्याने. एकदा तर भांड्याच्या तळाची ती काळी काळी फळं वेचून खाल्ली, कुणीतरी समोर बसून खाऊ घालत असल्यासारखी, हळूहळू. मग लांबट पावाचं टोक मोडून त्याने ताटाशेजारी बाजूला ठेवलं. लहानपणी त्या कुरकुरीत टोकासाठी हा पोरगा झेलीशी मारामारी करायचा. आता आवडेनासं झालं वाटतं, असं म्हणून फिलोमेनने ते उचललं आणि कोंबड्यांच्या डब्यात टाकलं. आन्सेल्मने आधी तिच्याकडे बघितलं, मग मुलाकडे, आणि ग्लासात बिअर ओतून घेतली.

"तर आता कामाचं बोलू," ओमेर हात पुसत म्हणाला. "अध्यक्ष मोस्यु व्हेरमेश स्वतः येतायत आज. मोटार घेऊन. खाणीच्या क्लबाला डाव्या कडेला माणूस हवाय. तुझ्या क्लबाशी सौदा ते करतील. तू फक्त हो म्हण."

"सौदा," आल्सिद म्हणाला. "दाजी, मी बैलबाजारात उभा आहे का?"

"आहेसच की," आन्सेल्म म्हणाला. दम घेतला. "पस्तिशीपर्यंत दावणीला बांधलंय."

हे मात्र खोटं नव्हतं. पगारी खेळाडूचा कागदच तसा. एकदा सही केली की पस्तिशीपर्यंत माणूस क्लबाचा, आणि क्लबाने सोडलं तरच दुसरीकडे जायचं. तीन वर्षांपूर्वी याच टेबलावर आल्सिदने ते सांगितलं होतं तेव्हा आन्सेल्मने ताट सरकवलं होतं. "लाथ मारायचा पगार!" एवढंच म्हणून तो बाहेर जाऊन बसला होता आणि पोरगा स्टेशनवर निघाला तरी आत आला नव्हता.

"बाबा, त्याआधी काय होतं ते विसरलात?" आल्सिद म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "खाणीच्या दिव्यांच्या खोलीत माझं नाव होतं. कामगार म्हणून. कधी एक दिवा पुसलाय मी? माझ्या वाटचे दिवे म्हातारा सिप्रियां पुसायचा, आणि मी मैदानात पळायचो. फुकट खेळतो म्हणून हौशी, आणि दिवे न पुसता मजुरी घेतो म्हणून कामगार. सगळं गाव मला हौशी म्हणून टाळ्या वाजवायचं नि सिप्रियांची पाठ वाकलेली कुणाला दिसायची नाही. आता पगार घेतो तर निदान ज्याचा घेतो ते काम तरी करतो."

आन्सेल्मने मान हलवली. "ते कळलं मला," तो म्हणाला. "उशिरा कळलं. पण कळलं."

बाप-लेकांत एवढं बोलणं तीन वर्षांत झालं नव्हतं. फिलोमेनला वाटलं, चला, गाडी रुळावर आली. लोखंड तापलंय तोवर घाव घालावा.

"बापाचं म्हणणं सोड," ती म्हणाली. "माझं ऐक. सोमवारी मी ओमेरच्या कॅफेत जाते. पेपर बघायला. मला वाचायला कितपत येतं ते तुला ठाऊक आहे. पण देल्कांब्र हे नाव मी दुरूनही ओळखते. ते छापलेलं दिसलं की समजायचं, पोराचे पाय शाबूत आहेत. ज्या सोमवारी दिसत नाही ना, त्या सोमवारी मला घास गिळवत नाही. तीन वर्षं मी पोरगा पेपरात बघतेय रे. आता दारात बघू दे."

झेलीचे डोळे भरले. ओमेरने ही संधी साधून सगळ्यांचे ग्लास भरले.

"आणि मार्सेलीन—" फिलोमेनने सुरुवात केली.

"आई," आल्सिद एकदम म्हणाला. "सामन्याआधी मला तुझ्याशी दोन शब्द बोलायचेत. एकटीशी."

"आधी तिला बघ, मग बोल."

"तसं नाही. आत्ताच."

"आत्ता काय! बँड आला बघ कोपऱ्यावर. लग्नाचं घाईगर्दीत बोलतात का कधी?" ती उठलीसुद्धा. "शुभ बोलणं निवांत बोलावं."

"लग्नाचं तुला कसं—" तो म्हणाला. पण दारातून ढोल-ताशे आत आल्यासारखे झाले, झेलीने टोपली उचलली, ओमेर टोपी शोधू लागला, आणि पोराचं वाक्य तिथेच टेबलावर राहिलं.

मैदान कोळशाच्या ढिगाच्या पायथ्याशी. एका बाजूला झोके नि बंदुकीच्या नेमबाजीचे तंबू, दुसऱ्या बाजूला ओमेरने मांडलेली बिअरची पिंपं. मोस्यु व्हेरमेश खुर्चीवर बसले होते, गुडघ्यावर हॅट. आन्सेल्मसाठी झेलीने घरून खुर्ची आणली होती. मार्सेलीन टार्ट घेऊन उभी होती, नव्या फ्रॉकमध्ये, आणि खरंच बरी दिसत होती पोरगी. फिलोमेनने तिला लांबूनच मान डोलावून दाखवली.

टोपली मध्यरेषेवर ठेवायची, चादर काढायची, मग सड्यांनी पुढे येऊन आपापला पांढरा सदरा उचलायचा, अशी रीत. जुने नवरे आपले निळे स्वतःच घेत. फक्त ज्यांचं लग्न गेल्या जत्रेनंतर झालं, त्यांनी निळ्याला हात लावायचा नाही. त्यांनी नवऱ्यांच्या रांगेत नुसत्या बनियनवर उभं राहायचं आणि आईने येऊन सगळ्या गावादेखत सदरा डोक्यावरून चढवायचा. आई नसेल तर थोरल्या बहिणीने. पण आई जिवंत असताना बहिणीने घातला, तर त्याचा अर्थ मार्केलमधलं शेंबडं पोरही सांगेल: सून घरात घेतलेली नाही. खाटकाच्या लेओनला त्याच्या आईने एका जत्रेत असाच उभा ठेवला होता. बहीणही नव्हती बिचाऱ्याला. तो अख्खा सामना बनियनवर खेळला, आणि त्याच महिन्यात बायकोला घेऊन बेल्जियमला गेला. पुन्हा आला नाही. म्हातारी गेली तेव्हाही नाही.

सड्यांनी पांढरे सदरे उचलले, जुन्या नवऱ्यांनी निळे. टोपलीत वर राहिला तो एकच, कोरा, खळ घातलेला.

"आल्सिद!" फिलोमेनने हाक मारली. "अरे घे की! तुझाच आहे!"

आल्सिदने कोट काढला. शर्ट काढला. घडी करून झेलीच्या हातात दिला. आणि बनियनवर चालत चालत तो नवऱ्यांच्या रांगेत जाऊन टोकाला उभा राहिला.

पहिल्यांदा लोक हसले. "पगारी माणसाला बाजू कळेना!" कुणीतरी ओरडलं. "दक्षिणेत ऊन लागलं वाटतं डोक्याला!" ओमेरही हसला, अध्यक्षांकडे बघत, चेष्टामस्करी चाललीय अशा अर्थाने. पण आल्सिद हसत नव्हता. हात बाजूला सोडून, मान जराशी खाली घालून, आईकडे बघत उभा होता. लहानपणी काच फोडली की असाच उभा राहायचा तो.

हसणं हळूहळू थांबलं. बँडवालेही थांबले.

फिलोमेन पुढे गेली तेव्हा तिच्या हातात तो पांढरा सदरा होता. तो का उचलला, तिचं तिलाच ठाऊक नाही.

"काय चालवलंयस?"

"माझं लग्न झालंय, आई. फेब्रुवारीत."

"कुणाशी?"

"आसुंता तिचं नाव. तिथलीच आहे, मूळची इटालियन माणसं. तिचा पहिला नवरा समुद्रावर गेला तो आला नाही. एक मुलगी आहे. निनी, पाच वर्षांची." तो एका श्वासात बोलत होता, पाठ केल्यासारखं. "माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे. बंदरावर जाळी दुरुस्त करते."

जाळी! फिलोमेनच्या डोळ्यांसमोर सकाळचा मोजा आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मोज्याची टाच हातात धरून ती तासभर घासत बसली होती आणि सून तिला दिसली नव्हती.

"घरमालकीण!" ती म्हणाली. "घरमालकीण म्हणे! मला, आईला, घरमालकीण सांगतोस?"

"घराची मालकीण तीच आहे, खोटं कुठे बोललो?"

"फाजीलपणा करू नकोस. कानफटात देईन, बनियनवर उभा आहेस म्हणून सोडणार नाही." आणि खरंच तिचा हात उठला होता. तो तिने सदऱ्यातच दाबून धरला. "पत्रात लिहिता आलं नाही? नाताळला बोलता आलं नाही?"

"नाताळला बोलणारच होतो. तू दारातच सांगितलंस, केनुआंच्या मार्सेलीनने लोकर रंगवलीय, तुझ्यासाठी गळपट्टा विणते. पत्रात लिहिलं असतं तर तू ते वाचायला ओमेरच्या कॅफेत नेलं असतंस. चार लोकांत. मला वाटलं, तोंडाने सांगावं. आज जेवताना सांगणार होतो."

जेवताना कोण उठलं होतं, ते तिला आठवत होतं.

ओमेर धावत आला. "ते सगळं घरी बोला! अध्यक्ष बसलेत! आल्सिद, लग्न झालंय ना, बरं झालं, घेऊन ये तिला इकडे! क्लब खोली देईल, तिला खाणीत काम मिळेल—"

"ती समुद्र सोडून येणार नाही, दाजी. आणि मीही विचारणार नाही." आल्सिद आईकडे बघूनच बोलत होता. "पस्तिशीपर्यंत तर कागदच आहे. पण कागद नसता तरी... माझं घर तिकडे आहे आता."

माझं घर. हे दोन शब्द फिलोमेनला लागले. तिने ज्या पोरासाठी दोन गल्ल्या पलीकडचं घरसुद्धा मनात झाडून पुसून ठेवलं होतं, त्याचं घर आधीच लागलं होतं, मार्सेयच्याही पलीकडे, कुठल्याशा अनोळखी बाईच्या हाताने. म्हणजे सोमवारचा पेपर चालूच राहणार. वर्षानुवर्षं. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं आणि एवढ्या लोकांत रडता येत नाही याचा रागही आला.

"झेली," ओमेर बायकोला दबक्या आवाजात म्हणाला, "जा, निळा घाल त्याला नि मोकळा कर. सामना तरी सुरू होऊ दे."

झेलीने नवऱ्याकडे असं बघितलं की तो एक पाऊल मागे सरकला. सकाळपर्यंत दोघांचा बेत एक होता. अध्यक्षांना बोलवायची कल्पनाच मुळी तिची. "मी घातला तर त्याचा अर्थ काय होतो, ठाऊक आहे ना?" ती म्हणाली. "माझ्या भावाला मी बेल्जियमला पाठवणार नाही. मरू दे तुझं कॅफे."

"आणि पोरगी?" बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी हळहळलं. "बिचारी मार्सेलीन!"

"बिचारी कशाला?" मार्सेलीन टार्ट दुसऱ्या हातात घेत म्हणाली. "मला कुणी विचारलं होतं का, काकू? गळपट्टा मी सगळ्यांनाच विणते."

कुठेतरी एक-दोघं हसले. आन्सेल्मने काठी जमिनीवर आपटली आणि सगळे त्याच्याकडे वळले. त्याने आधी दम जमवला.

"मला कालच कळलं," तो म्हणाला. थांबला. "पावाचं टोक. मोडून बाजूला ठेवतो. काल रात्री. आजही. स्वतःला नको असतं तर... मोडलंच नसतं." पुन्हा थांबला. "घरी पोर असलेला माणूस. टोक ठेवतो. मी तुमच्यासाठी ठेवायचो."

फिलोमेनला ते कोंबड्यांच्या डब्यात टाकलेलं टोक आठवलं. पाच वर्षांची कुणी निनी. तिला टोक आवडतं. हिने ते कोंबड्यांना घातलं.

"चर्चमध्ये केलंस?" तिने विचारलं. आवाज कोरडा होता.

"चर्चमध्ये."

"मग तुला आत कुणी नेलं?"

नवरा मुलगा आईच्या हाताला धरून चर्चमध्ये शिरतो. गरीब असो, श्रीमंत असो, ते चुकत नाही. आल्सिद पहिल्यांदाच गडबडला.

"तिची आई म्हणाली होती, मी येते. मी नको म्हटलं."

"मग?"

"एकटाच गेलो. हात असा धरून." त्याने डावा हात कोपरात वाकवून दाखवला, रिकामा, कुणीतरी त्यात हात घालावा तसा. "पाद्री म्हणाला, हात खाली घे. मी म्हटलं, नाही, राहू दे. माझी आई लांब असते."

आल्सिदचा हात अजून तसाच वाकवलेला होता, खाली घ्यायचं तो विसरला होता. अल्जीरियापर्यंत नाव गेलेला, पेपरात छापला जाणारा हा बाप्या माणूस, आणि उघड्या खांद्यांवर वाऱ्याने काटा आलाय. अडाणी पोर! एक वेळ तार करायची, आली असती ती. त्या बाईला चार शब्द सुनावून, रडून, भांडून, पण आली असती. तो हात तिने तसा सोडला नसता.

तिने पांढरा सदरा झेलीच्या हातात कोंबला आणि टोपलीवर वाकली. टोपली रिकामी दिसत होती. निळे सगळे वाटून झाले होते. नवा नवरा या वर्षी कुणी नव्हताच, मग जास्तीचा निळा येणार कुठून?

"तळाशी बघ," आन्सेल्म म्हणाला.

तळाशी अंथरलेल्या दुसऱ्या चादरीच्या घडीखाली एक निळा होता. छाती गेल्यापासून आन्सेल्म खेळत नव्हता, तरी ती दर जत्रेला त्याचा सदरा धूत असे, इस्त्री करत असे आणि तळाशी घालून मैदानात आणत असे. कुणी विचारलं तर म्हणायची, टोपलीचं वजन नीट राहतं.

"तो तुमचा आहे," ती म्हणाली.

"मला काय करायचाय?" आन्सेल्म म्हणाला. "मी खुर्चीचा खेळाडू." आणि मुलाकडे बघून, "सैल होईल. तेव्हा माझं पोट होतं."

फिलोमेन सदरा घेऊन मुलासमोर उभी राहिली. तो तिच्याहून वीतभर उंच.

"वाक," ती म्हणाली. "हात वर कर. आणि लक्षात ठेव, मी तुझ्यावर रागावलेलीच आहे."

"हो, आई."

"खूप दिवस राहणार आहे राग."

"हो."

तिने सदरा त्याच्या डोक्यावर टाकला. कॉलरचं बटण काढायचं राहिलं होतं, त्यामुळे डोकं मध्येच अडकलं आणि तो हात वर करून तसाच उभा राहिला, निळ्या पिशवीत घातल्यासारखा. मागे सडेफटिंग रीतीप्रमाणे नव्या नवऱ्यावर ओतायला बिअरच्या बादल्या घेऊन टपले होते. तिने बटण काढायची घाई केली नाही. जिथे कान असेल असं वाटलं तिथे तिने तोंड नेलं.

"पुढच्या जत्रेला दोघींना घेऊन यायचं," ती म्हणाली. "पोरीला टोक मी काढून ठेवीन. आणि त्या तुझ्या घरमालकिणीला सांग, ससा माझा मी करते. ती काळी फळं आणू नकोस म्हणावं."

सदऱ्याच्या आतून आवाज आला, जरा घोगरा. "आणि तरी आणली तर?"

फिलोमेनने बटण सोडवलं.

"आणली तर खाऊ," ती म्हणाली, आणि सदरा खाली ओढला.